गुलमर्ग की औली? नऊ दिवस, पाच माणसं आणि शिकायला निघालेली मुलगी

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. घरी आम्ही पाच जण. मी, पत्नी, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि आई. आईचं वय 68, रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. मुलीनं टीव्हीवर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पाहिल्या आणि तेव्हापासून स्कीइंगचं मनावर घेतलंय. बर्फ बघायला नेतो म्हटलं तर म्हणते, "बघायचा नाही, मला शिकायचंय." बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, त्याआधी मला हजर व्हावं लागतं. म्हणजे 26 जानेवारीचं झेंडावंदन करून निघायचं, घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत नऊ दिवस. मेहुणे म्हणतात औलीला जा, स्वस्त पडेल, गर्दीही नाही. आईलाही औलीच पाहिजे, कारण तिथून बद्रीनाथ जवळ आहे. कॉलेजातले एक सहकारी गुलमर्गला जाऊन आले, ते म्हणतात गुलमर्गशिवाय पर्याय नाही आणि गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, फेज टू केलंच पाहिजे. पत्नीला मात्र काश्मीरची धास्ती वाटते. पैसे जपूनच खर्च करायचे आहेत, पण एकदाच जायचं आहे. काय करावं?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : सर, गुलमर्गला जा. औलीवर जीव असलेल्या बाईचा हा सल्ला आहे. कॉलेजात असताना उत्तराखंड सरकारच्या गढवाल मंडल विकास निगमचा सात दिवसांचा स्कीइंगचा कोर्स मी औलीलाच केला. सकाळी उतारावर उभं राहिलं की समोर नंदादेवी, 7,816 मीटर. सूर्य वर आला की आधी तिचा माथा उजळतो, मग हळूहळू आपल्या पायाखालचा बर्फ. तो उतार आजही डोळ्यांपुढे आहे. तरीही तुमच्या घराला या वर्षी, या नऊ दिवसांत, गुलमर्गच सोयीचं आहे. का ते सांगते.

आधी दिवस मोजू. अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगर चार-पाच तास, तिथून विमानानं दिल्ली. पहिला दिवस इथेच संपला. औलीला जायचं तर दुसऱ्या दिवशी दिल्लीहून हरिद्वार किंवा ऋषिकेश गाठायचं. ऋषिकेशहून ज्योतिर्मठ, म्हणजे आपण ज्याला जोशीमठ म्हणत आलो ते, सुमारे अडीचशे किलोमीटर. कागदावर हे अंतर अंबाजोगाई-पुण्यापेक्षा कमी दिसतं, पण तो सगळा गंगा-अलकनंदेच्या काठाकाठानं चढत जाणारा घाट आहे. दहा-बारा तास धरा. थंडीत दिवस लहान, रात्री त्या रस्त्यानं जायचंच नाही. म्हणजे तिसरा दिवसही गाडीत. परतीलाही तसेच तीन. नऊपैकी सहा दिवस प्रवासात गेले आणि एखाद्या ठिकाणी दरड आली किंवा रस्त्यावर बर्फ गोठला तर उरलेल्या तीनांतलाही एक जाईल. तुमच्या आईंच्या गुडघ्यांना त्या घाटात बारा तास बसवणं मला तरी पटत नाही.

गुलमर्गचं गणित निराळं आहे. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून श्रीनगरचं विमान, तिथून गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दीड-दोन तास. चार पूर्ण दिवस बर्फावर मिळतात, एक दिवस श्रीनगरला, आणि हवामानासाठी राखून ठेवलेला एक दिवस वर. तो राखीव दिवस कुठल्याही स्थळदर्शनात खर्च करू नका. जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, श्रीनगरला बर्फ पडतो, विमानं लटकतात. शेवटची रात्र गुलमर्गला न घेता श्रीनगरलाच घ्या, नाहीतर विमानाच्या सकाळीच टंगमर्गचा घाट बंद मिळायचा.

विमान महाग पडत असेल तर परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली आणि पुढे गाडी बदलून कटरा असाही मार्ग आहे. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, साधारण तीन तासांत पोहोचवते आणि चिनाब नदीवरच्या 359 मीटर उंचीच्या पुलावरून जाते. पण रेल्वेनं जाऊन-येऊन तुमचे नऊ दिवस पुरत नाहीत. जाताना विमान, येताना रेल्वे असा मेळही याच कारणानं बसवू नका. ज्यांना बारा-तेरा दिवस आहेत त्यांनी मात्र हा मार्ग जरूर घ्यावा.

आता बर्फाचं. मेहुण्यांनी पैशांचं सांगितलं, गर्दीचं सांगितलं, पण बर्फ असेल का हे कुणीच विचारलेलं दिसत नाही. हिवाळ्यात हिमालयात बर्फ येतो तो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेल्या पश्चिमी विक्षोभांतून. त्यांच्या वाटेत पीर पंजाल आधी येतो, आणि गुलमर्गच्या माथ्यावरचं अफरवत शिखर त्याच रांगेत आहे. गढवालपर्यंत पोहोचताना त्यांतलं बरंचसं सांडून गेलेलं असतं. आपल्याला हे वेगळं समजवायला नको. घाटमाथ्यावर कोसळून उरलेला पाऊसच आपल्या वाट्याला येतो, औलीचं बर्फाच्या बाबतीत पुष्कळदा तसं होतं. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली. ती दाबाखाली पाण्याचे बारीक तुषार उडवतात आणि हवा शून्याच्या पुरेशी खाली असेल तरच त्या तुषारांचा बर्फ होतो. थंडीच नसेल तर यंत्र काही करू शकत नाही. पुरेसा बर्फ नाही म्हणून औलीतल्या स्पर्धा रद्द करायची वेळ आलेली आहे.

गुलमर्गची तरी खात्री आहे का? पूर्ण नाही, आणि हे तुम्हाला आधीच माहीत असावं. 2024 चा जानेवारी बराचसा तिथे कोरडा गेला, भर हंगामात मातकट गवत दिसत होतं. बर्फ महिन्याच्या शेवटी आला. 2025 ला फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा बर्फ कमी म्हणून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. पण 21 डिसेंबर ते 30 जानेवारी हे काश्मिरातले सगळ्यात कडाक्याचे चाळीस दिवस, तिथे त्यांना चिल्लई कलान म्हणतात, त्यांच्या शेवटाला तुम्ही पोहोचताय. नाताळच्या सुट्टीपेक्षा ही वेळ कितीतरी चांगली. शाळेच्या सुट्ट्या बघून डिसेंबरात धावणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते, बर्फ आपल्या सुट्टीप्रमाणे पडत नाही.

गुलमर्ग स्वतः साधारण 2,650 मीटरवर आहे. औलीचे उतार 2,500 ते 3,050 मीटरच्या पट्ट्यात येतात. म्हणजे मुक्कामाच्या उंचीत फार फरक नाही. फरक आहे तो सोयीत. औलीला पूर्वी ज्योतिर्मठहून रोपवे होता, चारेक किलोमीटरचा, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा. त्यात आईंना बसवून नेता आलं असतं. पण 2023 च्या जानेवारीत ज्योतिर्मठची जमीन खचू लागली, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि रोपवे थांबवावा लागला. आता सगळी भिस्त वळणाच्या रस्त्यावर. त्या गावातल्या माणसांचं काय झालं असेल हे आठवलं की अजूनही पोटात कालवतं. त्यांच्या हाताला पर्यटनाचं काम पाहिजेच आहे, म्हणून औलीला जाऊच नका असं मी कुणाला म्हणणार नाही. फक्त तुमच्या घरात 68 वर्षांच्या आई आहेत, आणि औलीहून मोठं रुग्णालय गाठायचं तर गढवालातलं श्रीनगर किंवा थेट ऋषिकेश. गुलमर्गहून रस्ता उघडा असेल तर दोन तासांत काश्मीरच्या श्रीनगरातली मोठी रुग्णालयं.

आईंचं बद्रीनाथ. सर, त्यांना हे तुम्हीच नीट समजावून सांगा. बद्रीनाथाचं मंदिर दिवाळीनंतर, नोव्हेंबरात बंद होतं आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडतं. जानेवारीत ते बर्फात असतं, वर कुणी जात नाही. हिवाळ्यात पूजा खाली होते, पांडुकेश्वरला आणि ज्योतिर्मठच्या नृसिंह मंदिरात. औलीला गेल्यावर नृसिंहाचं दर्शन होईल, बद्रीविशालाचं होणार नाही. त्यांना मे-जूनमध्ये किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात स्वतंत्र न्या, वाटेत प्रयाग करत, मुक्काम करत. तो प्रवास त्यांच्या नावाचा असू द्या. या वेळी श्रीनगरच्या दिवशी त्यांना तुळमुल्लाच्या खीर भवानीला घेऊन जा. श्रीनगरहून पंचवीसेक किलोमीटर, झऱ्याच्या मधोमध देवीचं देऊळ, पायऱ्या नाहीत म्हटलं तरी चालेल. झऱ्याच्या पाण्याचा रंग बदलतो अशी तिथल्यांची श्रद्धा. काश्मिरी पंडितांची ही कुलदेवी आहे. योगेश्वरीच्या गावातून गेलेल्या आजींना त्या अंगणात परकं वाटणार नाही. शंकराचार्य टेकडी मात्र त्यांना नको, गाडी वर जाते तरी पुढे दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत.

वहिनींची धास्ती. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला जे झालं त्यात 26 माणसं गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा. त्यानंतर कुणाला काश्मीर म्हटल्यावर धसका वाटत असेल तर तो वेडेपणा नाही. हल्ल्यानंतर तिथली अनेक ठिकाणं बंद केली गेली, मग टप्प्याटप्प्यानं उघडली. गुलमर्गला लष्कराची जुनी प्रशिक्षण शाळा आहे, बंदोबस्त असतो, आणि तुम्ही प्रजासत्ताक दिनाची धामधूम सरल्यावर पोहोचताय. हे सगळं त्यांच्यापुढे ठेवा. पण त्यांना "घाबरतेस काय" म्हणून गप्प करू नका. एवढं सगळं ऐकूनही त्यांना तिथे रात्री झोप लागणार नसेल, तर माझा वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि औली किंवा मनालीजवळच्या सोलंगचा विचार करा. घरातलं एक माणूस जीव मुठीत धरून बसलेलं असताना बाकीच्यांची सुट्टी होत नाही. पत्र तुम्ही लिहिलंत, त्यात वहिनींचं म्हणणं एका ओळीत आलंय. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता मुलीकडे येते, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललंय.

"बघायचा नाही, शिकायचंय" हे आठवीतली मुलगी म्हणते तेव्हा तिला चार दिवसांतले किमान तीन दिवस सलग शिकायला मिळाले पाहिजेत. एक दिवस स्लेज, एक दिवस स्नो-बाइक, एक दिवस गोंडोला आणि उरलेल्या तासाभरात स्कीवर उभं करून फोटो, हा गुलमर्गचा ठरलेला कार्यक्रम तिच्या वाट्याला येऊ देऊ नका. तीन दिवस, सकाळी दोन तास आणि जमलं तर दुपारी एक, एकाच प्रशिक्षकाकडे. माणूस बदलला की शिकवणं पहिल्यापासून सुरू होतं. जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाकडे नोंदणी असलेला प्रशिक्षक घ्या, ओळखपत्र मागा, पैसे तासाचे की दिवसाचे, त्यात साहित्य धरलंय की नाही, हे बूट पायात घालायच्या आधी ठरवा. गुलमर्गलाच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, ती एक-दोन आठवड्यांचे कोर्स घेते. तुमच्या या फेरीत तो बसत नाही, पण लेक खरंच रमली तर पुढच्या वर्षी तिला तिथेच घाला.

पहिल्या दिवशी तिला काय होईल ते आधी सांगून ठेवा, म्हणजे हिरमुसणार नाही. स्कीचे बूट जड असतात, नडगीला आवळून बसतात, त्यात चालताना टाच आधी टेकावी लागते. बूट आत सैल असेल तर पाऊल वळतं पण स्की वळत नाही, म्हणून जरा घट्टच घ्यायचा, आणि आत मोजे एकच, जाड, गुडघ्यापर्यंतचे. दोन-दोन मोजे घातले की मधे घडी पडते आणि तासाभरात पाय सोलवटतो. बूट स्कीला ज्या खटक्यानं बसतो त्याला बाइंडिंग म्हणतात. तो मुलीच्या वजनाप्रमाणे आणि नवशिकी म्हणून हलका लावून घ्या. पडल्यावर स्की सुटून बाजूला झाली पाहिजे. आधीच्या नव्वद किलोच्या गिऱ्हाइकाचं बाइंडिंग तसंच राहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा मुरगळतो. भाड्याच्या दुकानात हे स्वतः उभं राहून करून घ्यायचं, वजन सांगून. हेल्मेटही तिच्या मापाचं, हनुवटीखाली पट्टा लागणारं.

मग पडायला शिकवतील. औलीला आमच्या गढवाली उस्तादांनी पहिला सगळा तास पडणं आणि उठणं यातच घालवला होता. पुढे नाही, मागे नाही, कुशीवर पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणून ठेवायच्या, नाहीतर उभं राहताक्षणी घसरगुंडी सुरू. त्यानंतर स्नोप्लाव. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर ढकललेल्या. काश्मिरातली पोरं लेकरांना नुसतं "पिझ्झा, पिझ्झा!" ओरडून सांगतात, तिकोनी तुकडा कर म्हणजे वेग कमी होईल. दुसऱ्या दिवशी थांबता आलं आणि तिसऱ्या दिवशी डावी-उजवीकडे वळता आलं तर मुलीनं छानच केलं असं समजा. हे सगळं बेबी स्लोपवर, म्हणजे गावालगतच्या मंद उतारांवर होतं. आजी हॉटेलच्या खिडकीशी किंवा उन्हात खुर्ची टाकून बसल्या तरी नात दिसू शकते, आणि मला वाटतं त्यांना ते कुठल्याही स्थळदर्शनापेक्षा आवडेल. तिसरीतल्या मुलाला सलग दोन तास झेपणार नाहीत. त्याला एक तास शिकू द्या, मग बर्फात लोळू द्या.

तिला दोन नावं सांगा. गुलमर्गच्याच उतारांवर शिकलेला आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकटा खेळाडू म्हणून गेला. आणि मनालीकडची आंचल ठाकूर हिनं 2018 ला तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं पदक. दोघंही बर्फाच्या गावात वाढले हे खरं. 43 अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलीनं तिथवर जावं असं मी म्हणत नाही. पण अंबाजोगाईच्या पोरीला स्की घालून डोंगर उतरता येतो, एवढं तरी का नसावं? आपल्याकडच्या मुलींना हौसेनं शिकायला नेणारे वडील मला पुष्कळ हवे आहेत.

फेज टूबद्दल तुमच्या सहकाऱ्यांशी मी सहमत नाही. गोंडोला दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तीन हजार मीटरच्या जरा वर. डॉक्टरांनी हो म्हटलं तर आईंनाही तिथवर नेता येईल, अर्धा-पाऊण तास थांबून परत. निघण्याआधी तुमच्याच गावच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना तपासून घ्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारून घ्या. दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,950 मीटर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के. चारशे-सहाशे मीटरवर राहणारे आपण दोन-तीन दिवसांत थेट तिथे उभे राहणार. आईंना नकोच. बाकीच्यांनीही वारा नसेल, आकाश निवळ असेल आणि मुलीचा सकाळचा तास बुडणार नसेल तर जावं. तिथून स्कीवर उतरायचा तर या वेळी विचारही नको. वरचे उतार कसलेल्यांसाठी आहेत आणि मोकळ्या भागात हिमस्खलनं होतात. 2023 च्या फेब्रुवारीत पोलंडचे दोघे आणि 2024 च्या फेब्रुवारीत रशियाचा एक जण तिथे दगावला.

गोंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात, तिथे जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. गोंडोलाला गाइड लागत नाही, तो लागतोच असं कुणी सांगेल. टंगमर्गहून वरचा तेरा किलोमीटरचा घाट बर्फ पडल्यावर साखळी लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाडीनंच चढता येतो. हॉटेलकडूनच गाडी मागवा आणि भाडं फोनवर ठरवून घ्या. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. खाण्याची चिंता नको, राजमा-भात, दम आलू, नदरू म्हणजे कमळाचे देठ, सगळीकडे मिळतं. तरी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, थंडीत भूक दुप्पट लागते.

आणि एक कळकळीनं. खोलीत बुखारी, म्हणजे लाकूड जाळून खोली तापवणारी शेगडी, असेल, नाहीतर कुणी कोळशाची शेगडी आणून देईल, तर झोपताना ती बंद, आणि खिडकीची फट उघडी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. विजेचं पांघरूण असलेली खोली मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

प्रश्न : मी नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही दोघे मित्र. पैसे कमी, पण सेमिस्टरनंतर तीन आठवडे मोकळे आहेत. फिरायचं नाही, फक्त स्कीइंग शिकायचं आहे. गुलमर्गचं म्हणजे खर्चिक काम वाटतं.
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : तुम्ही औलीला जा. वर सरांना जे दिवस अपुरे पडले ते तुमच्याकडे आहेत, आणि घाटात बारा तास बसणं तुमच्या वयाला काही नाही. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. चौदाचाच घ्या. सात दिवसांत थांबणं-वळणं जमतं, दुसऱ्या आठवड्यात पाय आपोआप चालायला लागतात आणि खरी मजा तिथून पुढे आहे. राहणं, जेवण, साहित्य, शिकवणं यातलं फीमध्ये काय काय धरलंय ते आधी विचारून घ्या. तारखा बर्फावर पुढे-मागे होतात, म्हणून रेल्वेचं आरक्षण करण्याआधी निगमच्या कार्यालयाला फोन करा. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा.

सचखंडनं नांदेडहून दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीनं हरिद्वार. पहाटे ऋषिकेशहून ज्योतिर्मठची बस किंवा शेअर जीप. पहाटेचीच धरा, उशिरा निघालात तर मधेच मुक्काम पडेल. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग एकामागून एक येतात, त्यासाठी तरी खिडकीची जागा पकडा. ज्योतिर्मठला पोहोचलात की एक रात्र खालीच थांबा, गावात जेवा. त्या गावानं फार सोसलंय, तुमचे दोन पैसे तिथे खर्च होऊ द्यात. कोर्सच्या सुट्टीच्या दिवशी उस्तादांना विचारून गोरसों बुग्यालपर्यंत, म्हणजे वरच्या गवताळ कुरणापर्यंत, चालत जा, औलीहून तीनेक किलोमीटर. एकटे जाऊ नका.

तयारी आत्तापासून करा. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचं, मांड्या थरथरेपर्यंत, आणि रोज जिने चढायचे. पहिले दोन दिवस लिफ्ट मिळत नाही, स्की घालून आडव्या पावलांनी उतार चढावा लागतो. तिथे दमणारी मुलं ताकदीनं कमी नसतात, मांड्यांनी कमी पडतात.

प्रश्न : ताई, आम्ही जालन्याचे. फेब्रुवारीत गुलमर्ग ठरलंय. सगळ्यांना जॅकेट, बूट, पँट विकत घ्यायचं तर प्रवासाएवढाच खर्च होतोय. काय घ्यावं आणि काय भाड्यानं मिळतं?
(एक गृहिणी, जालना)

उत्तर : बाहेरचं भाड्यानं, अंगालगतचं विकत. पाणी न शिरणारा कोट, पँट आणि गमबूट टंगमर्गला आणि गुलमर्गला भाड्यानं मिळतात. घालण्याआधी चेन लागते का, तळवा फाटलेला नाही ना, एवढं बघा. विकत घ्यायचं ते थर्मल, एक फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, कान झाकणारी टोपी आणि चांगले पाणीरोधक हातमोजे. हातमोज्यांत काटकसर नको, लोकरीचे मोजे बर्फाला लागले की ओले होतात आणि बोटं बधिर पडतात. लेकरांना दोन-दोन जोड घ्या.

जीन्स घरीच ठेवा. सुती कपडा भिजला की तिथे दिवसभर वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. साडी नेसणाऱ्यांनी आत थर्मलची पँट घालून वर भाड्याची पँट चढवावी, साडी हॉटेलात. काळा चष्मा मात्र प्रत्येकाला हवा, अगदी धाकट्यालाही. बर्फावरून ऊन उलटून डोळ्यांत येतं, संध्याकाळी डोळे चुरचुरतात, पाणी येतं. तोंडाला सनस्क्रीन आणि ओठांना व्हॅसलीन, दर दोन तासांनी.